वाचा, पोलादाची संपूर्ण कृती!

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या बातमीला आजवर एकदाही दुरुस्ती छापावी लागलेली नाही! मयताचं वय चुकणं, सरपंचाच्या मेव्हण्यालाच सरपंच करून टाकणं, हे प्रकार आमच्या दैनिकाच्या बाकीच्या वार्ताहरांकडून अधूनमधून होतात. पेण ते रोहा या माझ्या पट्ट्यात होत नाहीत. मी ऐकतो तसं लिहितो, आणि कोण बोललं तेही लिहितो. पुढे जे रामायण झालं, ते या सवयीमुळेच झालं.

१९९३ च्या थंडीत रोह्यात एक वास सुटला. नासक्या अंड्यांचा. रोहेकर म्हणाले, शेजारच्या धाटावच्या रासायनिक कंपन्यांचा. धाटावला शिफ्टवर जाणारे कामगार म्हणाले, अजिबात नाही. आम्ही नाकाला रुमाल रोह्यात लावतो आणि धाटावला पोहोचल्यावर सोडतो. तक्रारी दोन्हीकडून आल्या. मी पेणहून गेलो, वाऱ्याकडे तोंड केलं आणि नाक नेईल तिकडे चालत राहिलो. नाकानं मला दिनानाथरावांच्या पत्र्याच्या शेडसमोर आणून उभं केलं.

दिनानाथराव धातुशास्त्राचे इंजिनियर. पाइपांच्या एका मोठ्या कारखान्यात होते. तिथल्या साहेबाशी भांडून घरी आले आणि परसातल्या शेडमध्ये संशोधन करू लागले. आत फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक बरणीत पोलादाची एकेक पट्टी, धनुष्यासारखी ताणून अडकवलेली.

"हा वास तुमचा का?" मी विचारलं.

"माझा नाही, विहिरीचा!"

"रोह्यात अशी कुठली विहीर?"

"तेलाची, हो! जमिनीखाली दोन-तीन मैल खोल!"

मग त्यांनी समजावलं. खोल तेलविहिरीत पाइप सोडायचा तर पोलाद मजबूत हवं, नाहीतर ते स्वतःच्याच वजनानं तुटेल. पण त्या विहिरींत हाच नासका वायू असतो, आणि पोलाद जितकं मजबूत तितकं या वायूत लवकर तडकतं. माणसांतही असंच असतं, असं दिनानाथराव म्हणाले. त्यांना बहुधा जुना साहेब आठवला असावा. त्यांनी अशी रीत शोधली होती, की पोलाद मजबूतही होईल आणि तडकणारही नाही. बरण्यांत तोच वायू सोडून महिनोन्महिने ठेवलेल्या पट्ट्या त्याच्याच साक्षीदार. गुजरातेतला एक पाइपवाला तयार होता, पण त्याची अट होती: पेटंट दाखवा, मग भट्टी पेटवतो. पेटंट नाही मिळालं तर रीत कोणीही उचलेल आणि दिनानाथरावांच्या हाती फक्त बरण्या उरतील.

"बरन्या तरी कशाला उरतात?" सरूवहिनी चहा घेऊन आल्या. दिनानाथरावांच्या त्या पत्नी, माहेर धरमतरकडचं. "लोनचं पातेल्यात हाय, नि बरन्यांत ह्यांची घाण हाय! महिपतभावजी, चा घ्या. दूध नासलेलं नाय, हवाच नासलेली हाय."

"पेटंट मिळालं की बरण्या हलवतो," दिनानाथराव म्हणाले.

"ऐकलात ना? लिवा त्ये बी!"

मी लिहिलं.

मुलाखत रंगली. दिनानाथरावांना एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या: सगळ्या जगाला कळावं, आणि कोणालाही कळू नये. पोलाद तापवतो म्हणाले. किती, विचारलं तर खोकले. पाणी पाजतो म्हणाले. पुढे काय, विचारलं तर "आलोच, बरणी बघतो," म्हणून जे शेडच्या मागे गेले ते आलेच नाहीत. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं सरूवहिनींनी दिली, न अडखळता. मी ती तशीच्या तशी उतरवली.

बातमी चार कॉलम आली, दिनानाथरावांच्या फोटोसकट. मथळा संपादकांचा: 'रोह्यात बनले न तडकणारे पोलाद! वाचा, संपूर्ण कृती'. दिनानाथरावांनी फोटोत केस नीट आलेत का ते पाहिलं, मथळा दोनदा वाचला आणि अंक कपाटात ठेवला. बातमी वाचायची राहून गेली.

काही महिन्यांनी ते अर्ज करायला निघाले, तेव्हा मी मित्र या नात्यानं सल्ला दिला. "नुसता अर्ज नका देऊ. सरकारी कचेरी आहे. कात्रण जोडा! छापील कागद पाहिला की साहेब खुर्ची देतो."

"बरोबर! आणि साक्षांकित करून जोडतो."

खरी प्रत असल्याचा शिक्का मारायला राजपत्रित अधिकारी लागतो. रोह्यात त्या दिवशी गुरांचे डॉक्टर पुंडलिकराव तेवढे सापडले. त्यांनी एका म्हशीला इंजेक्शन दिलं आणि हात धुऊन कात्रणावर शिक्का मारला.

पहिला अर्ज मिश्रधातूचा होता. पेटंट कार्यालयानं कळवलं, की आपल्या कायद्यात मिश्रधातूला पेटंट मिळत नाही, तो बनवण्याच्या पद्धतीला मिळतं. दिनानाथरावांनी पद्धतीचा दावा लिहून पाठवला. त्यानंतर बराच काळ शांतता. बरण्या जागच्या जागी, वास जागच्या जागी.

आणि एका दुपारी दिनानाथराव पेणला माझ्या दारात उभे राहिले. डोक्यात, भुवयांत, कॉलरवर पांढरे कण. रोह्याहून गाडीत बसले ते इतक्या संतापात, की पेण स्टेशन गेलेलं कळलंच नाही, थेट पुढे जिते स्टेशनावर उतरले! तिथून मीठ भरायला खाडीवर निघालेला ट्रक मिळाला, त्याच्या हौद्यात बसून उलटे आले.

"तुमच्या बातमीनं मला मारलं!"

"बातमीत चूक आहे?" मी ताठ झालो.

"चूक नाही, हीच तर चूक!"

त्यांच्या हातात परीक्षकांचा अहवाल होता. कायदा असा, की अर्ज करण्याआधी जे लोकांसमोर प्रसिद्ध झालं ते नवं नाही, आणि जे नवं नाही त्याला पेटंट नाही. 'अर्जदाराने स्वतः जोडलेल्या वृत्तपत्रीय कात्रणानुसार सदर पद्धतीची संपूर्ण कृती अर्जापूर्वीच प्रसिद्ध झालेली दिसते. अर्ज का फेटाळू नये?'

"कात्रण जोडलं कोणी?" मी विचारलं.

"मी."

"मग?"

"जोडायला सांगितलं कोणी?"

मी त्यांना पाणी दिलं. मीठ बरंच पोटात गेलं असावं.

वकिलानं एकच वाट दाखवली. ही बातमी वाचून जाणकाराला पोलाद बनवता येणार नाही, म्हणजे बातमी त्या बाबतीत निरुपयोगी आहे, असं सिद्ध करायचं. आणि ते लिहिणाऱ्यानंच येऊन सांगितलं तर उत्तम.

म्हणजे मी!

आमच्या धंद्यात माणूस एक वेळ उपाशी राहील, पण माझी बातमी निरुपयोगी आहे असं सरकारदरबारी जाऊन सांगणार नाही. पण दिनानाथरावांचा चेहरा पाहवत नव्हता. मी हो म्हटलं. सरूवहिनीही निघाल्या. "मी बी येतंय. बरन्या कधी उठनार, त्ये सायबालाच इचारते."

मुंबईला सुनावणी झाली. परीक्षक बाई होत्या. नागपूरकडच्या, स्वतः धातुशास्त्र शिकलेल्या, चेहऱ्यावरची रेष न हलवणाऱ्या. टेबलावर माझं कात्रण, गुरांच्या डॉक्टरांच्या शिक्क्यासकट.

दिनानाथरावांनी सुरुवात केली. "मॅडम, या गृहस्थांना पोलाद आणि पत्रा यातला फरक कळत नाही."

मी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

"यांनी ऐकलं एक, लिहिलं भलतंच."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"यांच्या बातमीत आकड्यांचा पत्ता नाही, अर्थाचा पत्ता नाही, सगळा अंदाजपंचे..."

"मॅडम!" मी उभा राहिलो. कसा, ते मला माहीत नाही. "शब्द न् शब्द खरा आहे! माझ्या बातमीला आजवर दुरुस्ती नाही!"

टेबलाखालून दिनानाथरावांचा बूट माझ्या नडगीवर बसला.

"म्हणजे यातली कृती बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"शंभर टक्के!"

"या कृतीनं पोलाद बनेल?"

"बनायलाच हवं!"

दिनानाथरावांनी दोन्ही हातांत डोकं धरलं. सरूवहिनी कुजबुजल्या, पण खाडीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "भावजी, त्वांड मिटा ओ! बरन्या म्हातारपनापातुर ऱ्हातील माज्या घरात!"

बाईंनी कात्रण उचललं. मला वाटतं, मथळ्याच्या खाली त्या पहिल्यांदाच शांतपणे उतरत होत्या. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'पोलाद भाकरीचा तवा लाल दिसेल इतपत तापवतात.' कोणाचा तवा?"

"माजा," सरूवहिनी म्हणाल्या.

"'मग त्याला पाणी पाजतात. नंतर पुन्हा तापवतात, पण जरा कमी.' जरा म्हणजे?"

दिनानाथराव खोकले.

"'हे दुसरे तापवणे धाटावचा एक भोंगा होऊन दुसरा होईपर्यंत चालते.'" बाई थांबल्या. त्यांनी पेन उचललं. "शिफ्ट आठ तासांची असेल तर ही मात्र नेमकी माहिती झाली."

दिनानाथरावांचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला. दाव्यात आठच तास होते.

"कुठल्या कंपनीचा भोंगा?" बाईंनी विचारलं.

"जो आदी वाजंल त्यो," सरूवहिनी म्हणाल्या. "लई कंपन्या हायत तितं. कुनाचा कवा, कुनाचा कवा. कदी भात शिजायच्या आत दोन व्हतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली. मग पुन्हा मनात वाचली. मग मोठ्यानं.

"'मोलिब्डेनम धातूची पूड चवीपुरती घालतात.'"

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणी सांगितलं?"

"पुढे लिहिलंय ना, मॅडम," मी म्हणालो. "'असे सौ. सरूबाई यांनी सांगितले.' मी नाव दिल्याशिवाय काही छापत नाही."

"व्हय, मीच सांगितलं!" सरूवहिनी पुढे सरकल्या. "पुड्या बांदताना बगते ना मी. चिमटीत घेतात, डोले बारीक करतात, टाकतात. आता ह्याला चवीपुरतं नाय म्हनायचं तं काय म्हनायचं?"

"आणि चव कोणाची धरायची?"

"ज्याची त्याची!"

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. काचा स्वच्छच होत्या, तरी बराच वेळ पुसल्या. मग चष्मा चढवून दिनानाथरावांना म्हणाल्या, "आदेश टपालानं येईल. आणि यापुढे कशालाही कात्रण जोडू नका."

आदेश आला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण दिनानाथराव ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत: 'सदर बातमी वाचून तज्ज्ञास अथवा सामान्य वाचकास कोणतीही उपयुक्त माहिती मिळते असे दिसत नाही. सबब हरकत मागे घेण्यात येत आहे.' यथावकाश पेटंट मिळालं. गुजरातेत भट्टी पेटली. बरण्या रिकाम्या झाल्या, वास गेला, आणि धाटावच्या कंपन्या अखेर सुधारल्या म्हणून रोहेकरांनी समाधान व्यक्त केलं. सरूवहिनींनी त्या बरण्यांत पुन्हा लोणचं घातलं. मला एक बरणी आली आहे. ती अजून उघडलेली नाही.

पेटंटची बातमी अर्थात मीच लिहिली, हरकत का मागे घेतली गेली ते आदेशातल्या शब्दांसकट. मी ऐकतो तसंच लिहितो.

रात्रपाळीच्या आधी संपादकांचा फोन आला. "महिपतराव, सरकार म्हणतंय तुमच्या त्या जुन्या बातमीत काही अर्थ नव्हता. दुरुस्ती छापू का?"

"मुळीच नाही!" मी म्हणालो. "दुरुस्ती चुकीची छापतात. आदेश नीट वाचा. त्या बातमीत चूक होती असं सरकार म्हणत नाही. काहीच नव्हतं, असं म्हणतंय."

तेव्हा माझ्या बातमीला आजवर एकदाही दुरुस्ती छापावी लागलेली नाही. तसा सरकारी कागदच आहे माझ्याकडे.