वाकायची खिडकी

"साम्राज्य गेलं, पण त्याची हाडं कुठं पुरलीत ते फक्त मला ठाऊक," असं वस्तुसंग्रहालयातला संशोधक छाती फुगवून सांगायचा. हाडं म्हणजे काय, तर जुन्या कचेऱ्यांच्या तळघरांतून उकरलेल्या मोडक्या खुर्च्या, सुकलेल्या दौती आणि गंजके शिक्के! केस पिकले तरी स्वारीची नोकरी मात्र हंगामीच.

"नव्या दालनाचं उद्घाटन होऊ दे, संचालक मला कायम करतात की नाही बघ," तो बायकोला म्हणाला.

"बघतेय की," बायको म्हणाली. "लग्नापासून बघतेय."

दालनात त्यानं जुन्या राजवटीची अख्खी कचेरी उभारली. खिडकी मुद्दाम कमरेएवढी, कारण तेव्हा रयतेनं वाकूनच बोलायचं असे. आपल्या मठ्ठ लोकांना हा अपमान कसा कळणार? म्हणून उद्घाटनाच्या सकाळी जुना कोट चढवून तो स्वतःच कारकुनाच्या खुर्चीत बसला.

पेन्शनची कचेरी शोधत एक आजीबाई आत शिरल्या आणि सवयीनं वाकल्या. "साहेब, माझी पेन्शन अडकलीय."

"आजी, इथं काही काम होत नाही."

"ते दिसतंय. मग उद्या येऊ का?"

त्यानं कपाळावर हात मारला. तोवर आजीबाईंच्या मागे दोघं उभे राहिले, दोघांमागे चौघं. रांग कसली, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. तो जितका खेकसला, तितकी लोकांची खात्री पटली की कचेरी खरीच आहे. शेवटी वैतागून तो समोर येईल त्या कागदावर गंजका शिक्का हाणू लागला. लोक समाधानानं घरी जाऊ लागले.

एवढ्यात संचालक आले. फीत कापायला पुढे सरकले, तर लोकांनी त्यांना रांगेच्या शेपटाला पाठवलं. "आम्ही काय इथं हवा खायला उभे आहोत?" तासाभरानं घामाघूम संचालक खिडकीशी वाकले.

संशोधकानं मान वर केली नाही. "जेवणाची सुट्टी. उद्या या."

"उद्या?" खिडकीतून आलेला आवाज ओळखीचा वाटला, तसा तो खुर्चीतून ताडकन उठला. "साहेब, ते... मी..."

"मला वाकवलंस, वर उद्या ये म्हणालास," संचालक कंबर चोळत म्हणाले. "हा गुण शिकवून येत नाही. तुझी जागा इथं नाही."

त्यांनी वर शब्द टाकून त्याला खरंच कायम करवलं. पेन्शनच्या कचेरीत, खिडकीवर.

पहिल्याच दिवशी आजीबाई वाकल्या आणि कागद आत सरकवला.

"हा शिक्का चालत नाही," तो खेकसला. "कुठल्या गाढवानं मारला?"

"तुम्हीच, साहेब."