भीड आणि गॅडोलिनियम

"अहो, तुमच्याकडचं ते पाणी मिळेल का जरा? आमचं संपलंय." शेजारच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, आणि भिडस्तरावांनी मान वर करण्याआधीच "हो, घ्या ना" म्हणून टाकलं.

पाणी म्हणजे साधं पाणी नव्हे. पेशी जिवंत राहाव्यात म्हणून मोजूनमापून क्षार घालून केलेलं खारं पाणी. भिडस्तराव ते स्वतः बनवत, आणि त्यात फॉस्फेटचा कणही जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसत. डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले, "उद्या तेवढंच भरून देतो. मिठाचं पाणी ते, तुमचं काय नि आमचं काय!" दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच बाटली भरून आणली. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. 'यात फॉस्फेट तर नाही ना?' हा प्रश्न भिडस्तरावांच्या अगदी ओठांवर आला. पण माणूस आपण होऊन परतफेड करायला आलेला. त्याला असं विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं. त्यांनी प्रश्न गिळला आणि वर आभार मानले.

भिडस्तराव हे त्यांचं खरं नाव नव्हतं. ते बायकोने ठेवलेलं होतं. एकदा फोन स्पीकरवर असताना "काय भिडस्तराव, आज कुणाचं काम करत बसलात?" हा प्रश्न सगळ्या प्रयोगशाळेने ऐकला आणि त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

गंमत अशी, की त्यांचं संशोधनच धक्क्यावर होतं. काही पेशींच्या अंगाला इवली दारं असतात. पेशीला जरा ढोसलं, ताणलं, की दार उघडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीत भरलेला रंग हिरवा चमकतो. पण आधी पाण्यात गॅडोलिनियम क्लोराइड नावाचा क्षार घातला, तर त्यातलं गॅडोलिनियम दारातच ठाण मांडून बसतं. मग पेशीला कितीही ढोसा, ती ढिम्म. भिडस्तराव सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक टोकाने पेशींना ढोसत आणि त्या शांत राहिल्या की त्यांच्याकडे थोड्या हेव्याने बघत.

"मग तुम्हीच का नाही घेत त्याचे दोन थेंब?" बायकोने एकदा जेवताना विचारलं होतं.

"अगं, विषारी असतं ते."

"तुमच्या भिडेपेक्षा?"

त्यावर त्यांनी निमूटपणे भात कालवला होता.

तर त्या गुरुवारी एक मोठे प्राध्यापक पाहुणे म्हणून येणार होते. विभागप्रमुख मॅडमनी आधीच बजावलं होतं, "पेशी शांत होतात हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाहीतर सूक्ष्मदर्शकाची खोली दुसऱ्या गटाला द्यावी लागेल मला. तुम्ही मग तळमजल्यावर विद्यार्थ्यांच्या प्रयोगांची तयारी बघायची." भिडस्तरावांचा जीव त्या खोलीत होता. खिडकी नसलेली, पंख्याचा घरघर आवाज येणारी ती अंधारी खोली म्हणजे जगातली एकमेव जागा होती, जिथे त्यांना कुणी काही मागत नसे.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या पाण्यात गॅडोलिनियमचे थेंब सोडले. इतक्यात बाहेरून हाक आली, "जरा हे यंत्र उचलायला येता का?" ते गेले. परत आले, पेशींवर पाणी घातलं, ढोसलं. पेशी लखकन हिरवी झाली. दुसरीही चमकली, तिसरीही. ताटलीभर दिवे लागले.

त्यांनी आधी पावडरीवर संशय घेतला. गॅडोलिनियम क्लोराइडचे पांढरे खडे हवेतलं पाणी पितात. झाकण सैल राहिलं असेल आणि खडे ओलावले असतील, तर वजन चुकणारच. मंगळवारी त्यांनी नवी बाटली फोडली. थेंब सोडले आणि लगेच हाक आली, "अहो, या अर्जावर तुमची सही हवी होती." सही करून आले, ढोसलं, पुन्हा दिवे. मग त्यांना वाटलं, काचेचं टोकच बोथट झालंय. टोक बदललं. मग पेशीच म्हाताऱ्या झाल्यात असं वाटलं, म्हणून पेशी बदलल्या. बुधवारी त्यांनी दुप्पट गॅडोलिनियम घातलं, आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कुणाचा तरी कागद काढून परत आले. दिवे तसेच.

या सगळ्यात टेबलावरचं पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ होतं. त्याचं श्रेय टापटीपबाईंना. त्या भिडस्तरावांच्याच प्रयोगशाळेत पलीकडच्या टेबलावर काम करत. त्यांच्या प्रत्येक बाटलीवर सुरेख अक्षरात चिठ्ठी असे आणि दुसऱ्यांचा पसाराही त्यांना बघवत नसे. भिडस्तराव हाकेला धावून गेले, की त्या मागून त्यांचं टेबल आवरून ठेवत. त्याचं भिडस्तरावांना बरंच वाटायचं.

बुधवारी संध्याकाळी घरी त्यांनी ताटाकडे नुसतं बघितलं. बायकोने चिडवायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं. "खोली जाणार का हो?" तिने हळूच विचारलं.

"जाणार," ते म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि या एका माणसासमोर ते लपवायची गरज नव्हती.

गुरुवारी पाहुणे आले. ते मितभाषी गृहस्थ होते. स्टुलावर बसले, पडद्याकडे बघू लागले. मॅडम हाताची घडी घालून मागे उभ्या राहिल्या. भिडस्तरावांनी बुधवारचं उरलेलं पाणी पेशींवर घातलं आणि एका पेशीला ढोसलं. पेशी आनंदाने चमकली.

"ही गॅडोलिनियम घालण्याआधीची ना?" पाहुण्यांनी विचारलं.

"घातल्यानंतरची," भिडस्तराव म्हणाले.

मॅडमनी घसा खाकरला. आणि तेवढ्यात दार धाडकन उघडून शेजारचे डॉक्टर आत घुसले. त्यांच्या हातात भिडस्तरावांची मूळ बाटली होती, तळाशी थोडंसं पाणी उरलेली.

"जमलं! अहो, जमलं!" डॉक्टरांना पाहुणे दिसलेच नाहीत. "चार महिने गॅडोलिनियमला रेणूंच्या पिंजऱ्यात बसवायचा प्रयत्न करतोय मी. ते नाही का, एमआरआय तपासणीत अवयव उजळ दिसावेत म्हणून टोचतात, त्या जातीचं औषध बनवायला. दरवेळी गॅडोलिनियम क्लोराइड पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं! खाली गाळ! आणि तुमच्या या पाण्यात एकदम स्वच्छ राहिलं. आणखी एक बाटली द्या ना!"

"इश्श, त्यात काय!" टापटीपबाई दारातून कौतुकाने म्हणाल्या. "यांच्याकडेही रोज तसंच पांढरं व्हायचं की. हे बाहेर गेले, की मी गाळून ठेवायची. काल तर गाळणीच तुंबली बाई. पण पाणी कसं काचेसारखं करून ठेवलं!"

भिडस्तरावांच्या डोक्यात एकदम उजाडलं. डॉक्टरांच्या पाण्यात फॉस्फेट होतं. गॅडोलिनियमने फॉस्फेटला मिठी मारली, दोघांचा पांढरा गाळ झाला, आणि टापटीपबाईंनी तो मायेने गाळून फेकून दिला. सोमवारपासून ते पेशींवर निव्वळ मिठाचं पाणी घालत होते. आणि हे सगळं एका न विचारलेल्या प्रश्नापायी.

"द्या ना एक बाटली," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काय, नाही थोडंच म्हणणार!"

"नाही," भिडस्तराव म्हणाले.

आवाज इतका अनोळखी होता, की मॅडमनी कोण बोललं ते वळून बघितलं. भिडस्तरावांचे कान लाल झाले होते, पण शब्द तोंडातून गेला होता आणि तो परत घेता येत नव्हता. "नाही देणार. उलट ती हातातली मला परत द्या. आणि बाई, कृपा करून पुढचा अर्धा तास माझ्या टेबलाला कुणी हात लावू नका."

डॉक्टरांनी बाटली मुकाट्याने दिली. भिडस्तरावांनी त्यातल्या थोड्या पाण्यात गॅडोलिनियमचे थेंब सोडले आणि तिथेच उभे राहिले. बाहेरून कुणीतरी हाक मारली. ते हलले नाहीत. पाणी स्वच्छच राहिलं. त्यांनी ताज्या पेशींची ताटली ठेवली, त्यावर ते पाणी घातलं, पेशीला ढोसलं. अंधार. पुन्हा ढोसलं. पेशी ढिम्म.

"वा!" पाहुणे पुढे सरकले. "ती मेली तर नाही ना?"

"बघू या." त्यांनी बाटलीतलं उरलेलं नुसतं पाणी घेतलं, पेशी सावकाश धुऊन काढली आणि टोक लावलं. पेशी लखकन हिरवी झाली. भिडस्तरावांना आपल्यालाच सुटल्यासारखं वाटलं.

"धुतलं की दार पुन्हा उघडतं," ते म्हणाले. "कायमचं बंद झालं तर पेशीच्या काय कामाचं?"

पाहुण्यांनी मॅडमकडे बघून मान डोलावली. "या खोलीला हात लावू नका," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी भिडस्तरावांनी ही कहाणी बायकोला दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी त्यांचा 'नाही' जरा मोठ्या आवाजात झाला. बायको हात धुवायची विसरून ऐकत राहिली. "आता हे असंच टिकवा," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारचे डॉक्टर होते. आवाज पडलेला. "आज चुकलंच माझं. पण उद्या जरा लवकर येऊन ते पाणी कसं बनवायचं, तेवढं शिकवाल का?"

"येतो की," भिडस्तराव म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारला. त्यांनी तिला हाताने थांबवलं. "पण एक विचारायचं होतं. मला दिलंत त्या पाण्यात नक्की काय काय घातलं होतं?"

"कुणाला माहीत! मी कुठे बनवतो पाणी? चार महिने मी तुमच्या टापटीपबाईंकडूनच नेतोय, माझ्या बाटलीत ओतून. त्या दिवशी त्यांचंही संपलं होतं, म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्हाला परत दिलं तेही त्यांचंच."

तीन दिवस मन लावून गाळत बसलेल्या बाई, ती तुंबलेली गाळणी आणि त्यांचा फुललेला चेहरा भिडस्तरावांच्या डोळ्यांपुढे आला.

"ऐका," ते फोनमध्ये हळूच म्हणाले, "हे त्यांना सांगू नका हं. फार वाईट वाटेल त्यांना."

बायको उठली आणि ताटं उचलू लागली. "गेलं तुमचं गॅडोलिनियम," ती म्हणाली, "धुऊन गेलं!" आणि जाता जाता तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.