रक्तात उतरलेला नवस

रक्त तपासून घ्यायची कल्पना माझी. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठल्याही अनर्थाचा तपास शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबतो.

सगळ्याचं मूळ मासे. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला चाळीत. असा माणूस माशाशिवाय जगतो कसा, असं तुम्ही विचाराल. मी दोन वर्षं जगत होतो. त्याचं असं झालं की आमची मेघना सीएच्या परीक्षेत लागोपाठ तीनदा आपटली. चौथ्या वेळी रिझल्टच्या आदल्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोलेना. मला ते सहन होईना. मी देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो आणि गावच्या देवीला मोठ्याने म्हणालो, "आई, पोरगी पास होऊ दे. घरातलं कुणी तीन वर्षं मच्छी-मटणाला शिवणार नाही!" (तीन अटेम्प्ट, म्हणून तीन वर्षं. एक महिना म्हणालो असतो तर देवी काय घासाघीस करणार होती? पण देवापुढे उभं राहिलं की माझ्यातला क्लार्क बाहेर जातो आणि संस्थानिक आत येतो.) मेघना पास झाली. माझ्या बायकोने, अंबिकेने, चाळभर पेढे वाटले आणि त्याच दिवशी माशांची कढई माळ्यावर टाकली.

तेव्हापासून आमच्या ताटात दुधी, पडवळ आणि घोसाळं. कॉटन ग्रीनला ज्या गोदामाच्या ऑफिसात मी काम करतो, तिथे शेजारच्या टेबलावरचा शिवा रोज डबा उघडतो आणि मी खिडकीकडे तोंड करून पडवळ खातो. घरी तरी सुटका असावी? तीही नाही. संध्याकाळी दार उघडलं की सुकट भाजल्याचा वास. "शेजारच्या कमलवहिनींकडून येतो," असं अंबिका सांगायची. मी एकदा वहिनींना हात जोडून म्हटलंसुद्धा, "वहिनी, आमचा नवस चालू आहे, जरा खिडकी लावून भाजाल का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, शरमल्या.

दोन वर्षं झाल्यावर माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. जिने चढताना धाप लागायची. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचो. शिवा म्हणाला, "अरे, हे बी-ट्वेल्व्ह आहे. मासे सोडलेस ना? टेस्ट कर. कमी आलं की डॉक्टरच मासे खा म्हणून लिहून देईल. डॉक्टरने लिहून दिल्यावर देवी काय बोलणार?"

मला तर रडूच आलं. इतका साधा मार्ग! पण नुसतं माझं कमी येऊन भागणार नव्हतं. अंबिका म्हणाली असती, "तुमचं तुम्ही बघा, गोळी घ्या." सगळ्या घराचं रक्त पांढरं निघालं पाहिजे, तरच नवस सुटणार. म्हणून मी व्हिटॅमिन आणि मिनरलचं फॅमिली पॅकेजच बुक केलं. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियम. (सेलेनियम आपल्या अंगात असतं, हे मला पन्नाशीत कळलं.)

"आम्हाला कशाला हो?" अंबिका म्हणाली. तिचा चेहरा जरा पडला होता. मला वाटलं, सुईला घाबरली.

"तुम्हीही माझ्यासारखंच पडवळ खाताय. अंगात काय राहिलंय तुमच्या?"

"बाबा, मला ऑफिस आहे," मेघना म्हणाली.

"रक्त द्यायला सुट्टी लागत नाही!" मी ओरडलो.

आई कोपऱ्यात सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "माका काय्येक झालेला नाय. माझा रक्त कित्याक वाया घालवतंस?"

रविवारी सकाळी लॅबची प्रिती नावाची मुलगी बॅग घेऊन आली. आईने स्वतःहून हात पुढे केला. शीर लगेच मिळाली, बाटली भरली, आई पुन्हा सुपारीला लागली. अंबिका आणि मेघनाचंही सुरळीत पार पडलं. माझी शीर मात्र मिळेना. उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला नाही.

"काका, मूठ घट्ट करा ना."

"केलीय."

"ही घट्ट?"

तोवर समोरच्या खोलीतले अण्णा दात घासत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी गॅलरीत बातमी दिली, "सीतारामला रक्तच नाय!" चारजण जमले. शेवटी शीर मिळाली, मी बाटलीकडे पाहिलं आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आई माझ्या नाकाशी कांदा धरून बसली होती. पण मनातून मी खूश होतो. इतकी वाईट अवस्था म्हणजे रिपोर्ट उत्तमच येणार!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोबाइलवर रिपोर्ट आले. देवाची शप्पथ, आपल्या अख्ख्या कुटुंबाचे रिपोर्ट वाईट यावेत म्हणून नाम घेत बसलेला माणूस त्या दिवशी मुंबईत मी एकटाच असेन. माझं बी-ट्वेल्व्ह लाल अक्षरांत, तळाला. वा! मग आईचा रिपोर्ट उघडला. बी-ट्वेल्व्ह भरपूर. अंबिकेचं भरपूर. मेघनाचं तर आईपेक्षाही वर. डी व्हिटॅमिन तेवढं चौघांचंही कमी होतं, पण समोर टॉवर होऊन ऊन अडल्यापासून ते अख्ख्या चाळीचंच कमी आहे.

मी लॅबला फोन लावला आणि आवाज चढवला. "अहो, चार माणसं एका पातेल्यातलं जेवतात आणि तिघांचं जास्त, एकाचं कमी? बाटल्यांची अदलाबदल केलीत तुम्ही!"

"सर, प्रत्येक बाटलीवर बारकोड असतो."

"बारकोडला काय कळतंय पडवळ?"

इतका तमाशा केला की त्यांनी पुन्हा प्रितीला फुकट पाठवलं. पुन्हा चौघांच्या सुया, पुन्हा अण्णा दारात, पुन्हा कांदा. रिपोर्ट तसेच आले. माझं तेवढं अजून थोडं खाली गेलं होतं.

मी सगळ्यांना घेऊन परळला डॉक्टर शंतनूकडे गेलो. तो आमच्या जुन्या डॉक्टरांचा मुलगा, त्यामुळे मला काका म्हणतो. त्याने रिपोर्ट चाळले.

"काका, तुम्ही एकटे व्हेज आहात का?"

"एकटा? सगळं घर व्हेज आहे! दोन वर्षं!"

शंतनूने अंबिकेकडे पाहिलं. अंबिकेने मेघनाकडे पाहिलं. मेघनाने मोबाइलमध्ये पाहिलं.

"शक्य आहे," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही दूध पीत नाही, आणि त्या ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेताय, त्यानेही बी-ट्वेल्व्ह उतरतं. पण आजींचं या वयात इतकं चांगलं... आजी, जेवता काय तुम्ही?"

"सुकट," आई म्हणाली.



"आई!" मी किंचाळलो. "नवस आहे आपला!"

"सुकट काय मासो? ता डब्यात रवता, मसाल्याच्या बाजूक. ता वाणसामान!"

"म्हणजे तो वास कमलवहिनींचा नव्हता?"

"ती बिचारी शाकाहारी आसा," आई म्हणाली.

मी अंबिकेकडे वळलो. ती पदराशी चाळा करत होती. "मी घरात काही खाल्लं नाही हं. बुधवारी माहीमला दादाकडे जाते ना, तिथे वहिनी आग्रह करते. आणि नवस तुमच्या देवीचा. माहेरी खाल्लेलं सासरच्या देवीला कसं लागेल?"

"आणि तू?" मी मेघनाला विचारलं. "तुझ्यासाठी केला होता नवस!"

"बाबा, क्लायंट लंचला नेतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं. आणि तुम्ही घरातलं म्हणालात. मी ऑफिसात खाते, ते घराच्या हिशेबात येत नाही." (हिच्या शिक्षणासाठी मी क्लासची फी भरली होती. ती सत्कारणी लागली म्हणायची.)

मला इतका संताप आला की पायांच्या मुंग्यासुद्धा थांबल्या. दोन वर्षं! लग्नकार्यात कोळंबीच्या काउंटरला वळसा घालून गेलो. स्वप्नात पापलेट यायचं, तर स्वप्नातही नको म्हणायचो! आणि ही तिघं? मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "बास! नवस मोडलेलाच आहे. शंतनू, लिही, काकांनी रोज मासे खावेत."

शंतनूने पेन उघडलंही होतं. तेवढ्यात अंबिका उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"अहो, नवस मोडला म्हणजे? देवी कोपली तर? पोरीचं लग्न व्हायचंय अजून. नवस पुरा व्हायलाच पाहिजे. पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षं."

"करा ना मग! तुम्ही तिघींनी करा!"

"आमच्याने कसा होईल? आमच्याने होत नाही, हे रिपोर्टातच आलंय. होतो तो तुमच्यानेच. रक्तात दिसतंय तुमच्या."

"ता बरोबर," आई म्हणाली. "देवीक एक माणूस पुरे. पण खरो होयो."

मी शंतनूकडे आशेने पाहिलं. "अरे, माझं बी-ट्वेल्व्ह! माझ्या मुंग्या!"

"त्याला इंजेक्शन आहे, काका," तो म्हणाला आणि पेनाने मासे न लिहिता इंजेक्शन लिहिलं.

त्याच संध्याकाळी माळ्यावरची कढई खाली आली. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. तिघी बांगडे तळून जेवल्या आणि मी घोसाळ्याची भाजी. अंबिकेने मला शेवटचं घोसाळं आग्रहाने वाढलं. इतकं प्रेम तिने लग्नानंतर प्रथमच दाखवलं असेल. मी मात्र हार मानली नव्हती. इंजेक्शनं संपली की पुन्हा टेस्ट करायची, बी-ट्वेल्व्ह वाढलेलं नसणारच, मग देवीलाही ऐकावं लागेल. दंड बदलून बदलून सगळी इंजेक्शनं घेतली आणि पुन्हा प्रितीला बोलावलं.

रिपोर्ट अंबिकेने माझ्या हातातून घेतला आणि चष्मा लावून वाचला. माझं बी-ट्वेल्व्ह वरची मर्यादा ओलांडून कागदाबाहेर जायला निघालं होतं. आई, अंबिका, मेघना, तिघींपेक्षा जास्त.

"बघा!" ती आनंदाने म्हणाली. "आम्ही एवढे मासे खाऊनही आमचं एवढं नाही. तुम्हाला मासे मुळी मानवतच नव्हते हो!"