पहिला का दुसरा?

"पयला का दुसरा?"

मन्मथअप्पांच्या दुकानात सरकी पेंड घ्यायला गेलेल्या माणसाला पोत्याआधी हा सवाल मिळायचा. म्हशीच्या वेताची चौकशी असेल असं समजून गिऱ्हाईक म्हणायचं, "तिसरं चालूय." अप्पा भस्माच्या पट्ट्यांसकट कपाळावर हात मारायचे.

सवाल गवयांचा होता. इंग्लंडात एक हेवी मेटल बँड होता. त्यातला पहिला गवई गेला, दुसरा आला, एवढीच गोष्ट. पण अप्पांनी हैदराबादहून टेपरेकॉर्डर आणला, त्याबरोबर या बँडची कॅसेट आली, आणि पहाटे उठून इष्टलिंगाची पूजा करणारा पन्नाशीचा पेंडवाला त्या दुसऱ्या गवयाच्या नादी लागला. कॅसेटवर कवट्या, जटा, जाळ. आता म्हातारी घर डोक्यावर घेणार, असं आम्हाला वाटलं. अप्पांच्या आईनं चष्मा लावून चित्र न्याहाळलं. म्हणाली, "महादेवाचे गण हायती की रे!" आणि कॅसेटला विभूती लावली. तेव्हापासून त्या घरात बँडचं नाव पडलं 'लोखंडी भजनी मंडळ'.

मी त्यांचा शेजारी. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. पाट्या नव्या, साहेब नवे, नळ मात्र जुने आणि ठणठणीत कोरडे. त्या दुष्काळातल्या एका दुपारी अप्पांनी नवे स्पीकर दुकानाच्या दारात मांडले आणि बटण दाबलं. घर्रर्र... धडधडधड... पत्रे थरथरले.

"बोअर पाडायलेत रेऽ!" कुणीतरी ओरडलं.

बघता बघता दुकानापुढं घागरींची रांग लागली. रांगेत पहिला मी, दोन्ही काखांत घागरी आणि डोक्यावर पातेलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, हे खरं तर इथं सांगायला नको होतं.

तेवढ्यात धुरळा उडवत सरकारी जीप आली. नव्या जिल्ह्यासाठी नांदेडहून बोअरचं मशीन आलं होतं, त्याचे ऑपरेटर फारूखभाई खाली उतरले ते आग ओकतच. "किसने लगाई मशीन? बगैर परमिशन?" मग थबकले. मान हलवू लागले. "अरे, ये तो दूसरेवाला है! अप्पा, पहलेवाले को सुने क्या तुम?"

झालं! घागरी राहिल्या बाजूला आणि जुंपली.

"पहला गाता तो आवाज तीनसौ फुट नीचे से आती!" फारूखभाई म्हणाले. "तुम्हारा दूसरा तो सिर्फ चिल्लाता."

"पयला म्हंजे भिजलेली पेंड! दुसरा म्हंजे पानी लागल्यावर उडतंय तसला फवारा! अवो, पानी वर येतंय का खाली जातंय?"

"नीचे गये बगैर ऊपर आता क्या? क्या बातां करते!"

दोन वर्षं, दर रविवारी, हेच. फारूखभाई पेंडीच्या एका ठरलेल्या पोत्यावर बसायचे, चहा थंड व्हायचा, गिऱ्हाइकं ताटकळायची. मला यातलं ओ का ठो कळत नसे. दोघेही गवई मला घशाचे पेशंट वाटायचे. तरी मी जायचो. घरी म्हैस नसताना मी दर रविवारी पेंड आणतो, हे बायकोच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

मग मशीन परत नांदेडकडं, नायगाव भागात हलवायचा हुकूम आला. निघताना फारूखभाई दुकानी आले. अप्पा तराजूचं पारडं पुसत होते. पुसलेलंच पुन्हा पुसत होते. फारूखभाईंना राहवलं नाही. "जाने दो अप्पा. दूसराच अच्छा है. तुम जीते."

आता अप्पा पेढे वाटणार, असं मला वाटलं. अप्पा ताडकन उठले. "हार मानायची न्हाई! बिल्कुल न्हाई! शब्द माघारी घ्या!"

 फारूखभाई हळूच म्हणाले, "लिया वापस." आणि जीपमध्ये बसले.

पुढच्या रविवारी अप्पांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "काही म्हणा अप्पा, दुसरा तो दुसराच!"

"काय खाक दुसरा! निस्तं चिल्लावनं. पयल्याचा आवाज ऐका, तीनशे फुटांवरनं येतोय."

"अहो, पण तुम्ही तर दुसऱ्याचे ना?"

"हायच की, गुरुजी." अप्पांनी त्या ठरलेल्या पोत्यावरची धूळ झटकली. "पर पयल्याच्या बाजूनं बोलाय हितं हाय कोन आता? उद्या ते आले, अन् त्यांची बाजू मरून पडल्याली दिसली, तर बसत्याल कशाला?"

मी पोत्यावर टेकायला गेलो.

"तितं न्हाई," अप्पा म्हणाले.

मग मी खाली जमिनीवर मांडी घातली, दुसऱ्याची बाजू घेतली, आणि अर्ध्या तासात सपाटून हरलो.