बोकड सुटला, जावई सापडला

धनश्री दुसरीत गेली आणि ईश्वरने ठरवलं, पोरीला देवाधर्माशिवाय वाढवायचं. (स्वतःचं नाव ईश्वर असूनही.) दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधला देव्हारा त्याने माळ्यावर टाकला. त्या जागी रोज संध्याकाळी बापलेक डोळे मिटून शांत बसू लागले.

"खरं बोलायचं आन् कुठल्या जिवाला दुखवायचं न्हाई. एवढाच आपला धर्म," तो सांगायचा.

"आधी बसल्या बसल्या घोरायचं थांबवा," बायको, ऋतिका, म्हणायची.

चैत्रात सासुरवाडीला, न्हावऱ्याला, भैरोबाची जत्रा आली. देव मानत नसला तरी जत्रा ईश्वरने कधी चुकवली नव्हती. (मटण त्याच्या तत्त्वांत कुठंच आडवं येत नव्हतं.) पोचल्या पोचल्या त्याने सासूबाईंच्या कानात सांगून ठेवलं, "मामी, नळी तेवढी माझ्या ताटात."

आणि थोड्याच वेळात बोंब उठली. नवसाचा बोकड दाव्याला नव्हता!

सगळी भावकी उसात शिरली. ईश्वर सर्वांत पुढे. पात्यांनी तोंड ओरबाडलं, शर्ट फाटला, पण बोकड काही हाती लागेना.

सासरे, सोपानराव, अंगणात येऊन गरजले, "दावं कुणी सोडलं?"

"मी," धनश्री पुढे झाली. "त्याला कापणार व्हते ना! बाबा म्हणतात, जिवाला दुखवायचं न्हाई."

सोपानरावांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"खरं बोलली पोरगी. तिला कुणी काय म्हणायचं न्हाई. भैरोबाची समजूत मी घालतो." मग जावयाकडे वळले. "पाव्हणं, वळण झ्याक लावलंत. पण मग सकाळी ती नळी कुणासाठी सांगितली व्हती?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाकीच्यांनी तेवढाही आडपडदा ठेवला नाही. ईश्वरला वाटलं, परत उसात शिरावं आणि तोडणीपर्यंत बाहेर येऊ नये. धनश्री त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, कोड्यात पडल्यासारखी. तेच त्याला सोसवेना.

जेवायला शेंगदाण्याची आमटी झाली. मोठ्यांच्या पंगतीत बसायची छाती होईना, म्हणून तो खाली मान घालून पोरांच्या पंगतीत लेकीशेजारी बसला. भाकरी चुरता चुरता डोळे भरून आले.

"बाबा, रडताय?"

"न्हाई गं. आमटी लई तिखट हाय."

धनश्रीने आपल्या ताटातला गूळ त्याच्यापुढे सरकवला आणि चुलीकडे तोंड करून ओरडली, "आजी, बाबांना पोरांची बिनतिखट आमटीसुद्धा सोसत न्हाई! त्यांना दूधभात वाढ!"