काशीरामांचं ‘झकास!’

“माझे कान? अगं, मरोळ नाक्यावर कुणी शिंकलं तर इथे खाटेवर बसून ‘शतायुषी हो’ म्हणेन मी!”

काशीराम तोंडवळकर बायकोला हे इतक्या जोरात म्हणाले की नाक्यावर ते नक्कीच ऐकू गेलं असेल!

खरी गोष्ट वेगळीच होती. गिरणीच्या साचेखात्यात पस्तीस वर्षं खडखडाट सोसून त्यांचे कान केव्हाच रिटायर झाले होते. स्वतः काशीराम एक्क्याऐंशी साली झाले. पण कबूल कोण करणार? एकदा माणूस बहिरा ठरला की त्याच्याशी कुणी गप्पा मारत नाही, लांबूनच ‘जेवलात काऽऽ?’ ओरडतात आणि सटकतात. गिरणीतल्या म्हाताऱ्यांचे हे हाल त्यांनी पाहिले होते. त्याची त्यांना मरणापेक्षा जास्त धास्ती! म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलवायची आणि ठणकावून म्हणायचं, “झकास!”

दीड वर्ष सगळं बिनबोभाट चाललं. मग तो शनिवार उजाडला.

जिन्यात शेजारची इनेझ भेटली. ती बराच वेळ बोलली. काशीरामांच्या कानात त्यातले दोनच शब्द शिरले, ‘उद्या’ आणि ‘कोंबडी’. इनेझच्या हातचा मसाला म्हणजे काय सांगावं! काशीरामांच्या तोंडाला नळ सुटला.

“झकास! सकाळीच आणा!” ते म्हणाले आणि घरात येऊन त्यांनी बायकोला हुकूम सोडला, “वनमाला, उद्या फक्त भात टाक. कोंबडी येतेय!”

कोंबडी आली. एक नाही, सात! सातही जिवंत, पाटीत कोंबलेल्या आणि भयंकर चिडलेल्या.

“थँक्यू हां, भाऊ,” इनेझ म्हणाली. “चार दिवस वसईला बहिणीकडे जाते. काळी जरा चोच मारते, सांभाळा.”

“झकास,” काशीराम म्हणाले. पण या वेळी ठणका नव्हता.

इनेझ पाटी ठेवते न ठेवते तोच खालच्या मजल्यावरचा भीमराज तणतणत वर आला. “काका, बोलायचंच आहे तुमच्याशी! परवा तुम्हाला सांगितलं, माझा सासरा गेला. तर म्हणता, ‘झकास! पेढे कधी?’ माझी बायको दोन दिवस रडतेय, यार!”

काशीरामांना ‘पेढे’ ऐकू आलं. त्यांनी हसून हात पुढे केला.

भीमराज त्या हाताकडे बघतच राहिला. इनेझने कपाळावर हात मारला. तेवढ्यात पाटीचा दोर सुटला आणि सातही कोंबड्या घरभर! एक फळीवरच्या डब्यांवर, दोन मोरीत, काळी थेट भीमराजच्या मागे! भीमराज दुखवटा विसरून स्टुलावर चढला. या धुमाळीत एक पांढरी कोंबडी खाटेवर जाऊन शांतपणे बसली.

“आधी ही उशी उचलते, घाण करतील मेल्या,” असं म्हणत वनमालाबाईंनी ती ‘उशी’ दोन्ही हातांनी उचलली आणि झटकली!

उशी अशी काही किंचाळली की ती काशीरामांनासुद्धा ऐकू आली! ते पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांचं बायकोकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. वनमालाबाई खाटेवर बसून पदराने डोळे पुसत होत्या.

“अगं, काय झालं?”

त्या उठल्या, अगदी त्यांच्या कानाशी आल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “बुधवारी तुम्हाला सांगितलं ना, मला दिसेनासं झालंय, मला भीती वाटते. तर तुम्ही काय म्हणालात?”

काय म्हणाले असतील ते काशीरामांना विचारावं लागलं नाही.

“मला ऐकू येत नाही गं,” ते हळूच म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदाच.

स्टुलावरून भीमराज म्हणाला, “काका, मग बोलायचं ना! मी मोठ्याने बोललो असतो.” आणि इनेझने वसईचं जाणं दोन दिवस पुढे ढकललं. “आधी तुम्ही दोघं डॉक्टर. कोंबड्या मी बघते.”

दोघं बसने गेले. बसची पाटी काशीराम वाचायचे आणि कंडक्टर काय म्हणाला ते वनमालाबाई सांगायच्या. दवाखान्यात ‘पुढचा पेशंट’ अशी हाक आली की बाई नवऱ्याला कोपर मारायच्या आणि पायरी आली की नवरा बाईंचा हात घट्ट धरायचा. चाळीस वर्षांच्या संसारात एवढे हात त्यांनी कधी धरले नव्हते.

काशीरामांना खिशात ठेवायचं कानाचं यंत्र मिळालं. बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी आली आणि दीड महिन्याने सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा. चष्मा आणायला काशीराम नवा सदरा घालून, भांग पाडून गेले. वनमालाबाईंनी तो डोळ्यांवर चढवला आणि नवऱ्याकडे कितीतरी वेळ टक लावून पाहिलं. काशीरामांनी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला. हा शब्द चुकवायचा नव्हता.

“अगो बाई!” त्या म्हणाल्या. “तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?”

प्रत्येक अक्षर लख्ख ऐकू आलं!