हंफ्री टकेटची चूल

जहागीरदार सरकार, हंफ्री टकेटचं मत तुम्हाला खाऊन टाकायचं होतं. खोटं असेल तर तोंडावर सांगा!

आमच्या विचकोम गावात नियम सोपा. ज्या पुरुषाच्या घरात स्वतःची चूल, आणि तिच्यावर स्वतःचं भांडं उकळतं, त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत. आजवर कुणाच्या चुलीत कुणी डोकावलं नव्हतं. पण जोडे शिवणाऱ्या हंफ्रीनं गुत्त्यात टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की यंदा जहागीरदाराच्या पुतण्याला मत नाही. लगेच निवडणूक अधिकाऱ्याचा निरोप आला: उद्या सकाळी चूल तपासायला येतोय. भांडं उकळत नसेल तर नाव कटाप.

सकाळी बायको, डॉर्कस, चुलीशी बसली तर हंफ्रीनं तिला उठवलं.

"मत माझं, चूल मी पेटवणार."

"तुम्ही? आधी चिमटा कुठे असतो ते सांगा."

"असतो... नेहमीच्या जागी."

"बरं. मी पाणी आणते. घर तेवढं जागेवर राहू द्या."

हंफ्रीनं जाळ केला, वाटाण्यांचं भांडं ठेवलं. जाळ धरलाही. तिथे थांबता, तर तो हंफ्री कसला! धूर जहागीरदाराच्या बंगल्यावरून दिसला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. त्यानं डुकराच्या खोपट्यातलं ओलं गवत आणून चुलीत कोंबलं. धूर झाला, अगदी मनासारखा झाला; फक्त वर जायचा तो घरात आला. धुराडं तुंबलं असेल म्हणून त्यानं खालून झाडू खुपसला. सगळ्या हिवाळ्याची काजळी धाडकन खाली आली. जाळावर, वाटाण्यांत आणि हंफ्रीवर.

तेवढ्यात दार वाजलं. निवडणूक अधिकारी आणि जहागीरदाराचा वकील क्रीच.

"चूल विझलेली," क्रीच खुशीत म्हणाला. "भांड्यात डांबर. आणि मतदार तर घरातच नाही."

"हा काय मी!" कोपऱ्यातला काळा ढीग खोकला.

अधिकाऱ्याला शिंक आली आणि त्याच्या पांढऱ्या केसांच्या टोपावर काजळीचा थर बसला. "टकेट, नाव कापावं लागेल."

हंफ्री मटकन खाली बसला. आयुष्यात एकदाच जहागीरदाराला नाही म्हणायची हिंमत केली होती, ती स्वतःच्याच झाडूनं घालवली.

डॉर्कस बादली घेऊन आत आली. कुणाला काही न विचारता तिनं काजळी ओढली, भांडं घासलं, जाळ केला, फुंकर घातली. बघता बघता पाणी खदखदू लागलं.

"उकळलं," ती म्हणाली. "लिहा."

"छे!" क्रीच उसळला. "उकळवलं कुणी? हिनं. ह्या गड्याला तर चूलही पेटवता येत नाही. भांडं ह्याचं कसं?"

"बरोबर बोललात, वकीलसाहेब. मग माझं नाव लिहा."

बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती. एक बाई खिदळली. "ए डॉर्कस, मग माझंही लिहायला सांग! आमच्या ह्यांना तर अंडंही उकडता येत नाही!" गल्लीतल्या बायका हातातल्या पळ्यांसकट दाराशी आल्या. ह्या हिशेबानं गावातले मतदार किती उरतील, हे अधिकाऱ्याच्या झटक्यात ध्यानात आलं. त्यानं घाईघाईनं लिहिलं: हंफ्री टकेट, चूल चालू, मत ग्राह्य.

"पण साहेब—" क्रीच म्हणाला.

"गप्प बसा हो! गाव पेटवायचंय का?"

अधिकारी निघाला. डॉर्कस दारात आडवी उभी राहिली.

"ह्यांचं मत राहिलं, आनंद आहे. पण एवढं सांगून जा. भांडं मी उकळते, रोज उकळते. मग मत माझं का नाही?"

"टकेट, बायकोला आवर. लिहिलेलं नाव अजून खोडता येतं मला."

हंफ्रीनं एकदा त्या कागदाकडे पाहिलं. मग काजळीनं माखलेला तसाच उठला आणि बायकोशेजारी दारात जाऊन उभा राहिला.

"खोडा हवं तर. पण ती काहीतरी विचारतेय, साहेब. उत्तर द्या."